अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर ८ वर्षांच्या मुलीचा मैदानावरचा दम: जपायचं किती, पळवायचं किती?

मैदानफेरी

मी शारीरिक शिक्षण शिकवतो. तिसरीतल्या एका मुलीबद्दल तिच्या आईवडिलांच्या संमतीने विचारतो आहे. वय ८ वर्षं ४ महिने, उंची १२२ सेंमी, वजन २१ किलो. जन्मतः अन्ननलिका तुटक होती: वरचं टोक बंद आणि खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूने छाती उघडून ती चुकीची वाट बंद केली आणि दोन्ही टोकं जोडली. पहिल्या दोन वर्षांत जोडाची जागा अरुंद झाल्यामुळे तीन वेळा फुग्याने रुंद करावी लागली. नंतर गरज पडलेली नाही. हृदयाचा एको नॉर्मल, दोन्ही मूत्रपिंडं जागेवर.

मैदानावर दिसलेलं असं:

२० मीटर शटल रन (सुरुवात ताशी ८.५ किमी, दर मिनिटाला ०.५ ने वाढ) मध्ये ती दुसऱ्या पातळीच्या मध्यावर थांबते. पळतानाच श्वास सोडताना खरखर ऐकू येते आणि भुंकल्यासारखा खोकला येतो. थांबली की दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. ओठ निळे पडत नाहीत, चक्कर नाही, छातीत दुखत नाही. उभ्याने लांब उडी मात्र वर्गातल्या इतर मुलींच्या बरोबरीची आहे. उजवा हात वर नेताना खांद्याचं पातं पाठीतून बाहेर डोकावतं.

दमा समजून खेळाच्या तासाआधी निळ्या पंपाचे (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे) दोन पफ दिले जातात. फरक दिसत नाही. फाईलमध्ये जुनं प्रमाणपत्र आहे, त्यात एकच ओळ: "जड व्यायाम टाळावा." त्यामुळे दोन वर्षं ती तासाला कडेला बसून गुण मोजते. हे मला पटत नाही. पण चूकही करायची नाही. पळताना आतला जोड उसवण्याची भीती असते का? दम कसा वाढवायचा? आणि खांद्याचं काय?

श्वासमार्ग

बालकांच्या श्वसनविकारांचं काम करते. तुमचं निरीक्षण चांगलं आहे, त्यातच निम्मं उत्तर आहे. आवाज कधी येतो, श्वास घेताना की सोडताना, आणि थांबल्यावर किती वेळात जातो, या तीन गोष्टींवरून पुढची दिशा ठरते.

या मुलांत बऱ्याचदा श्वासनलिकेची भिंत जन्मतःच मऊ असते. निरोगी श्वासनलिकेत कूर्चेची कडी घोड्याच्या नालासारखी असतात आणि मागचा पडदा अरुंद असतो. इथे कडी पसरट, मागचा पडदा रुंद आणि ढिला. शांत श्वासात काही जाणवत नाही. जोरात श्वास सोडताना छातीतला दाब वाढतो आणि तो ढिला पडदा आत दबून नळी चपटी होते. म्हणून आवाज श्वास सोडताना येतो, जाडसर आणि एकसुरी असतो, पळता पळताच सुरू होतो आणि श्वासाचा जोर ओसरला की लगेच थांबतो. तुम्ही वर्णन केलं आहे ते जवळपास हेच.

व्यायामाने उठणारा दमा वेगळा वागतो. त्यात पळणं थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत त्रास शिगेला पोचतो, बारीक शिट्ट्या वाजतात आणि उतरायला अर्धा तासही लागू शकतो. श्वास घेताना घर्र आवाज येत असेल, बोलणं घोगरं असेल, तर स्वरयंत्राकडे पाहावं लागतं, कारण अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत स्वररज्जूची नस दुखावलेली असू शकते. पाणी पिताना दर वेळी ठसका आणि फुप्फुसाच्या एकाच भागात वारंवार न्यूमोनिया असेल, तर बंद केलेली वाट पुन्हा उघडली का हे तपासायचं. कसलाही आवाज नाही, नुसती धाप आणि पाय गळाल्यासारखे, तर तो बहुधा सरावाचा अभाव. एकाच मुलात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असणं नेहमीचं आहे.

निळ्या पंपाबद्दल स्पष्ट सांगते. मऊ श्वासनलिकेचा मागचा पडदा स्नायूचा असतो आणि त्याचा थोडा ताण तिला आधार देतो. पंपातलं औषध स्नायू सैल करतं, त्यामुळे काही मुलांत खरखर उलट वाढते. पण अशा मुलांना खराखुरा दमाही असू शकतो, म्हणून स्वतःहून बंद करू नका. स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी) करून घ्या: एकदा विश्रांतीत, एकदा औषधानंतर, आणि एकदा पळवून झाल्यावर. पळल्यानंतर पहिल्या सेकंदाचा उच्छ्वास १० टक्क्यांहून जास्त घसरला तर दमा धरून उपचार करता येतील. आलेखाच्या उच्छ्वासाच्या बाजूला सुरुवातीलाच खाच किंवा सपाट पट्टा दिसला तर श्वासनलिका चपटी होते आहे. ८ वर्षांची मुलं ही तपासणी व्यवस्थित करतात.

सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. जेवण हळू आणि कमी, शिवाय आम्ल कमी करायची औषधं बराच काळ चालू असतील तर लोह कमी पडू शकतं. मग दम लागण्याचा सगळा दोष बिचाऱ्या श्वासनलिकेवर जातो.

मैदानावर ताबडतोब थांबवायची कारणं: पळताना बेशुद्ध पडणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड किंवा कळ, ओठ निळे, पूर्ण वाक्य बोलता न येणं, आणि थांबून १० मिनिटं झाली तरी धाप न उतरणं. यातलं काहीही झालं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढच्या दिवशीही नाही. थांबूनही ओठ निळेच असतील, शुद्ध हरपली असेल किंवा बोलता येत नसेल, तर सरळ रुग्णालय गाठायचं.

बालफिजिओ

वरच्या तपासण्या होईपर्यंत तिला बसवून ठेवू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं पाहता मध्यम जोराचे, तुकड्या-तुकड्यांचे खेळ चालू ठेवायला हरकत दिसत नाही. तिच्या डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या म्हणजे झालं.

आधी एक गैरसमज. सरावाने श्वासनलिका कडक होत नाही. ती वयानुसार हळूहळू थोडी सुधारते, तेवढंच. सराव काम करतो तो पायांवर. तयार स्नायू तोच वेग कमी श्रमात काढतात, लॅक्टिक आम्ल कमी साठतं, आणि त्याच वेगाला लागणारा श्वास कमी होतो. म्हणजे नळी चपटी व्हायला लागते तो टप्पा उशिरा येतो. म्हणून अशा मुलींना फुंकायची खेळणी देत बसण्यापेक्षा पाय बळकट करणं जास्त उपयोगाचं. बॉल वर उचलायचं ते प्लास्टिकचं श्वासयंत्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ठीक, आठ वर्षांनंतर त्यातून दम वाढत नाही.

दुसरं, सलग पळवू नका. वेग वाढवल्यावर श्वासाचा जोर लगेच शिगेला पोचत नाही, त्याला वेळ लागतो. त्याआधीच पळणं थांबवलं तर पायांना पुरेसं काम मिळतं आणि श्वासनलिका फारशी दबत नाही. शटल रनमध्ये ती हरते आणि लांब उडीत बरोबरीची ठरते, त्याचं कारण हेच आहे.

आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून:

- पहिले दोन आठवडे: १५ सेकंद जोरात पळणं, ४५ सेकंद चालणं, असे ८ फेरे.
- तिसरा-चौथा: २० सेकंद पळणं, ४० चालणं, ८ फेरे.
- पाचवा-सहावा: ३० आणि ३०, ८ फेरे.
- सातवा-आठवा: ३० आणि ३० चे ६ फेरे, ३ मिनिटं विश्रांती, पुन्हा ६.

एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वेळ वाढवली त्या आठवड्यात वेग तोच. चौथ्या फेऱ्याच्या आत खरखर सुरू झाली, किंवा एखाद्या फेऱ्यानंतर खोकला दोन मिनिटांहून जास्त टिकला, तर एक पायरी मागे. जोर किती ते मुलांच्या ० ते १० च्या चित्रपट्टीवर विचारा, पळताना ५ ते ७ हवं. नाडीपेक्षा हे सोपं, आणि मुलं खरं सांगतात. हे फेरे एकटीला घड्याळ लावून करायला लावू नका. पकडापकडी, रिले, चेंडू आणून टोपलीत टाकणं, यात पळणं आणि थांबणं आपोआप येतं, आणि अख्खा वर्ग तेच करतो म्हणून ती वेगळी पडत नाही.

वॉर्मअप १० मिनिटांचा, घाई नको. ५ मिनिटं चालणं आणि हलकं जॉगिंग, मग १० सेकंदांच्या तीन-चार छोट्या दौडी, मधे प्रत्येकी एक मिनिट. बहुतेक वेळा इथेच गडबड होते: तास ३५ मिनिटांचा, हजेरीत १० जातात आणि मुलं थेट शर्यतीला उभी राहतात. थंड, कोरड्या हवेत वॉर्मअप आणखी लांबवा.

चालण्याच्या टप्प्यात तिला ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवा: दोन पावलांत आत, चार पावलांत बाहेर. ओठांशी अडथळा झाला की नळीत मागे दाब राहतो आणि ती दबत नाही. गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकलं तरी बरं वाटतं. "सरळ उभी राहा" म्हणून ओरडू नका.

ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटं: बैठका १० चे २ संच, १५ सेंमी पायरीवर चढ-उतार प्रत्येक पायाने १०, भिंतीवरचे जोर ८ चे २ संच, प्लँक १० ते १५ सेकंद ३ वेळा. प्रत्येक व्यायामात मोठ्याने आकडे मोजायला लावा. मोजणारं मूल श्वास रोखून धरू शकत नाही. पोटाच्या उठाबशा वगळा. पोटातला दाब वाढून आम्ल वर येतं. त्याऐवजी पाठीवर झोपून, हात-पाय वर उचलून, उजवा हात-डावा पाय, डावा हात-उजवा पाय असे आळीपाळीने खाली नेणं.

आता खांदा. छाती उजव्या काखेखालून, बरगड्यांच्या मधून उघडली असणार. त्या मार्गात पात्याला छातीशी धरून ठेवणारा स्नायू किंवा त्याची नस दुखावू शकते, आणि बरगड्या एकमेकींना चिकटू शकतात. भिंतीवरच्या जोराच्या शेवटी, कोपर सरळ झाल्यावर, भिंतीला आणखी एक धक्का द्यायला लावा म्हणजे पाठ थोडी गोल होते. तो शेवटचा इंच याच स्नायूचा. सोबत रबरी पट्टा छातीकडे ओढणं १० चे २ संच. आणि ताण: उजवा हात डोक्यावरून डावीकडे, धड डावीकडे झुकवून २० सेकंद, त्या वेळी उजव्या बरगड्यांत खोल श्वास, ३ वेळा. पातं जमिनीवरच्या जोरात जास्त बाहेर येत असेल तर जमिनीवर उतरायची घाई नको, महिनाभर भिंतच.

वर्षातून एकदा पाठ बघा. पाय जुळवून, हात सोडून पुढे वाकवा आणि मागून पाहा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर पाठीचा कल मोजायच्या कोनमापकाने (स्कोलिओमीटरने) मोजून घ्या. ७ अंशांपेक्षा कमी असेल तर लक्ष ठेवायचं, ७ किंवा जास्त असेल तर मणक्याचा एक्स-रे. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत हे दर सहा महिन्यांनी. या मुलांत काहींना मणक्यांची जन्मजात विकृतीही असते, तेव्हा जुना छातीचा एक्स-रे मणक्यांसाठी म्हणून पुन्हा एकदा पाहिला जावा.

टाके_आणि_जोड

बालशल्यचिकित्सक. जोडाच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: उसवत नाही. जोड सुटण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत असतो. त्यानंतर तिथे व्रणाची पक्की ऊती असते. आठ वर्षांनी उड्या मारून, पडून, पोहून ती फाटत नाही. पालक हे मनात धरून बसतात आणि आम्ही ते स्पष्ट सांगत नाही, हा आमचा दोष.

जोडाची खरी अडचण आहे ती अरुंद होणं. आणि जोडाखालच्या अन्ननलिकेच्या, घास पुढे ढकलणाऱ्या लाटा जन्मभर कमजोर राहतात, त्यामुळे घास रेंगाळतो आणि आम्ल वर आलं की लवकर खाली जात नाही. मैदानाशी याचा संबंध असा:

पोटभर जेवणानंतर दीड ते दोन तास पळणं, कोलांटी, शीर्षासन नाही. तास जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच असेल तर तिने आधी थोडं खावं, उरलेलं तासानंतर. कमरेला घट्ट इलॅस्टिक नको. पळताना तोंडात काही नाही, गोळी-च्युइंगगमसुद्धा नाही.

घास अडकला तर: छातीत अडकल्याची खूण करते, लाळ गिळता येत नाही, तोंडातून गळते. श्वास चालू असेल तर शांत बसवा, पाठीत थापट्या नकोत, घास ढकलायला दुसरा घास नको. लाळही उतरत नसेल तर वाट पाहत न बसता रुग्णालय. श्वासच अडला, आवाज फुटत नाही, तर तो वेगळा प्रसंग आहे, तिथे नेहमीचे गुदमरल्यावरचे प्रथमोपचार करायचे.

पुढे कधी फुग्याने रुंद करायची वेळ आली तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती, मग नेहमीसारखं. पण त्यानंतर ताप, छातीत किंवा पाठीत वाढती कळ, मानेखाली कातडीत कुरकुर, यातलं काही दिसलं तर अन्ननलिकेला छिद्र पडलं असं समजून धावायचं.

प्रमाणपत्राची ती ओळ निरुपयोगी आहे. "जड" म्हणजे काय हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून सगळंच बंद होतं. पालकांना नवीन मागायला सांगा आणि त्यात हे चार मुद्दे लेखी घ्या: सर्व खेळांत भाग घेऊ शकते, स्वतःच्या इच्छेने थांबण्याची मुभा, पाण्याची बाटली जवळ, कोणत्या लक्षणांवर थांबवायचं. एको आणि मूत्रपिंडं ठीक असल्याने अंगाला अंग लागणाऱ्या खेळांनाही बंदी घालायचं कारण दिसत नाही. पोटावर गॅस्ट्रोस्टोमीचं बटण (थेट जठरात अन्न देण्यासाठीचं छिद्र) असतं तर वरून पट्टा बांधायला सांगितलं असतं.

पालकगट_समन्वय

दोन छोट्या गोष्टी, पण रोज उपयोगी पडणाऱ्या. भुंकल्यासारख्या खोकल्यामुळे इतर मुलं लांब सरकतात. वर्गाला एकदाच सांगून टाका की हा आवाज तिच्या श्वासनलिकेचा आहे, तो कुणाला लागत नाही. आणि सर्दी-खोकल्यानंतर परत आणताना घाई नको. या मुलांचा कफ लवकर वर येत नाही, साधी सर्दी छातीत उतरते. ताप जाऊन २ दिवस झाले आणि खोकला तिच्या नेहमीच्या पातळीवर आला की सुरुवात, पहिला आठवडा निम्मे फेरे.

मैदानफेरी

सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्राचे चार मुद्दे तिच्या वडिलांना पाठवले, स्पायरोमेट्रीची वेळ घेतली आहे. दोन प्रश्न उरले. प्रगती कशी मोजू? शटल रनचा तक्ता तिच्यासाठी अन्याय वाटतो. आणि शाळेत पोहण्याचा तास सुरू होतोय, पाठवू का?

बालफिजिओ

शटल रन वर्षातून एकदा, तेही फक्त तिच्या मागच्या आकड्याशी ताडण्यासाठी. दर ८ आठवड्यांनी ६ मिनिटं चालण्याची चाचणी घ्या: ३० मीटर सरळ पट्टा, दोन टोकांना खुणा, पळायचं नाही, किती मीटर झाले ते लिहायचं. वेळ तीच, बूट तेच, जेवणापासूनचं अंतर तेवढंच. पहिल्यांदा दोनदा घ्या आणि दुसरा आकडा धरा, कारण पहिल्या वेळी मुलांना गती जमत नाही. सोबत आणखी दोन नोंदी: ३० सेकंदांत किती बैठका, आणि खरखर कितव्या फेऱ्याला सुरू झाली. तिसऱ्या नोंदीत बदल सगळ्यांत आधी दिसेल. एकूण हालचालीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा निकष, ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल, तिलाही तसाच लागू आहे. तो सुट्टीतलं खेळणं धरून पुरा करायचा, एका तासात नाही.

पोहायला जरूर पाठवा, खांद्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. फक्त छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी पाण्याच्या दाबाने श्वास घेणं जड होतं, आणि चेहरा पाण्यात असताना खोकला आला तर तिची धांदल उडेल. पोहण्याच्या पहिल्या चार तासिका काठ धरून तोंडाने बुडबुडे सोडणं, मग फळी धरून नुसते पाय, ५ मीटरचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यानंतर उभं राहून श्वास. श्वास रोखून पाण्याखाली किती वेळ राहता येतं या पैजा तिच्यासाठी पूर्ण बंद. आणि काठावर एक मोठं माणूस असं हवं ज्याचं लक्ष फक्त तिच्याकडे असेल. उथळ बाजूची शेवटची लेन द्या म्हणजे ती कधीही उभी राहू शकेल.

श्वासमार्ग

पोहण्याआधी स्पायरोमेट्रीचा अहवाल येऊ द्या, फार तर एक आठवडा उशीर होईल. बंदिस्त तलावात क्लोरीनच्या वासाने खोकला वाढतो का ते पहिल्या दोन तासिकांत बघा. वाढत असेल तर उघडा तलाव शोधा.